'बी. पी.' : दोन अक्षरें, अनेक अर्थ

"त्यांना बी. पी. आहे हो!" हें वाक्य महाराष्ट्रांत घरीं, लग्नाच्या पंगतींत किंवा आगगाडीच्या डब्यांत वरचेवर कानीं पडतें. वाढणारा लोणच्याची फोड ताटांत घालूं लागला कीं त्याला थांबविण्यासाठीं तें म्हटलें जातें. वृद्ध गृहस्थास एखादी वाईट बातमी सांगण्यापूर्वीं घरांतील माणसें एकमेकांस डोळ्यांनीं खुणावतात तींहि याच दोन अक्षरांच्या आधारानें. ऐकणारा मान डोलावतो. त्याला अर्थ कळलेला असतो, निदान कळला असें वाटतें तरी. परंतु या वाक्याचा शब्दशः अर्थ लावूं गेल्यास त्यांत कांहींच सांगितलेलें नाहीं असें आढळून येईल. 'बी. पी.' म्हणजे 'ब्लड प्रेशर', म्हणजेच रक्तदाब. आणि रक्तदाब हा प्रत्येक जिवंत माणसास असतोच. ज्याला तो नाहीं त्याच्या घरीं निराळ्याच तयारीची धांवपळ चाललेली असते. "त्यांना बी. पी. आहे" असें म्हणणें हें "त्यांना उंची आहे" असें म्हणण्यासारखेंच होय.

बोलणाराच्या मनांत जो शब्द असतो तो 'वाढलेला' हा. तो वाक्यांतून गळून पडला आणि मागें उरलेल्या दोन अक्षरांनींच रोगाचें नांव धारण केलें. 'शुगर आहे' हा प्रयोगहि याच जातीचा. हातोहात फिरणारें नाणें झिजावें तसे रोजच्या वापरांतले शब्द झिजतात, आणि एरव्हीं त्याबद्दल तक्रार करण्याचें कारण नाहीं. परंतु येथें जो भाग झिजून गेला तोच अर्थाचा गाभा होता. ज्याचा रक्तदाब चढतो तोहि "मला बी. पी. चा त्रास आहे" असें म्हणतो, आणि उभें राहतांच ज्याचा रक्तदाब उतरून डोळ्यांपुढें अंधारी येते तोहि तेंच म्हणतो. दोघांचीं दुखणीं परस्परविरुद्ध. नांव मात्र एक. शेजारधर्म म्हणून पहिल्याची गोळी दुसऱ्याच्या हातावर ठेवली गेली, तर आधींच उतरलेला दाब आणखी खालीं जाऊन तो मनुष्य जमिनीवर कोसळण्याचा संभव असतो.

मुळांत 'ब्लड प्रेशर' हें रोगाचें नांव नव्हे, मापाचें आहे. आणि तें माप माणसाच्या हातीं फार सावकाश आलें. इंग्लंडांतील टेडिंग्टन येथील स्टीफन हेल्स नांवाच्या धर्मोपदेशकानें एका घोडीच्या धमनींत नळी बसवून तिला कांचेची उंच नळी जोडली, तेव्हां रक्त त्या नळींत ८ फूट ३ इंच चढलें. ही हकीकत त्यानें १७३३ सालीं छापून प्रसिद्ध केली. प्रयोग धाडसाचा खरा, परंतु रुग्णशय्येपाशीं त्याचा उपयोग शून्य. कारण केवळ दाब मोजण्यासाठीं कोणताहि शहाणा मनुष्य आपली धमनी कापूं देणार नाहीं. पुढें नळींत रक्ताऐवजीं पारा आला, आणि पारा रक्ताहून सुमारें तेरा पट जड असल्यामुळें फुटांचें माप मिलिमीटरांवर उतरलें. १८९६ सालीं इटलींतील ट्यूरिन येथें डॉ. रिव्हा-रोच्ची यांनीं दंडाभोंवतीं हवेनें फुगणारा पट्टा गुंडाळून मनगटाची नाडी कोणत्या आंकड्यास बंद पडते तें पाहण्याची युक्ति काढली. या पट्ट्यासाठीं त्यांनीं सायकलच्या चाकांतील रबरी नळी वापरली होती. या युक्तीनें वरचा आंकडा मिळाला, खालचा मिळेना. तो १९०५ सालीं रशियांतील सेंट पीटर्सबर्ग येथील निकोलाय कोरोत्कोव्ह या तरुण शस्त्रवैद्यानें मिळवून दिला. पट्टा हळूहळू सैल होत असतां कोपराच्या खळग्याशीं कान लावणारी नळी ठेवली, तर प्रथम ठोके ऐकूं येऊं लागतात आणि मग ते नाहींसे होतात. ठोके सुरू होतात तो वरचा आंकडा, थांबतात तो खालचा. हृदय आकुंचन पावतें त्या क्षणींचा दाब वरचा. तें सैल पडून पुन्हां भरूं लागतें त्या वेळचा खालचा. कोरोत्कोव्ह यांचें टिपण छापील एक पानहि धड भरणार नाहीं एवढें लहान होतें.

येथें आद्याक्षरांचीच एक गंमत सांगण्यासारखी आहे. जर्मन भाषा बोलणाऱ्या देशांतील रुग्णालयांत तक्त्यावर रक्तदाबासाठीं 'बी. पी.' लिहीत नाहींत, 'आर. आर.' लिहितात. तीं रिव्हा-रोच्ची यांच्या नांवाचीं आद्याक्षरें होत. इंग्रजी पद्धतीच्या रुग्णालयांत मात्र हींच दोन अक्षरें श्वासाची मिनिटामागें गति दाखवितात. मुंबईस शिकलेली परिचारिका जर्मनींत नोकरीस गेली, तर 'आर. आर.' च्या पुढें १६ असा आंकडा असावयाचा तेथें १४०/९० पाहून तिची छाती पहिल्या दिवशीं दडपलीच पाहिजे.

आंकड्यांच्या या जोडींत किती म्हणजे जास्त, याविषयीं वैद्यकाचें मत स्थिर राहिलेलें नाहीं. हिंदुस्थानांत १४०/९० ही मर्यादा सामान्यतः धरतात. अमेरिकेंतील हृदयरोगतज्ज्ञांच्या संस्थांनीं २०१७ सालीं ती १३०/८० वर आणली, आणि आदल्या दिवशीं निरोगी म्हणून झोपलेले पुष्कळ अमेरिकन दुसऱ्या दिवशीं रोगी म्हणून उठले. 'आहे' किंवा 'नाहीं' अशा दोनच शब्दांत या गोष्टीचा निकाल लावतां येत नाहीं, तो याचमुळें.

'बी. पी.' चा खरा उपद्रव मात्र तिच्या शेजारीं बसणाऱ्या दुसऱ्या एका शब्दामुळें वाढला आहे. वाढलेल्या रक्तदाबास वैद्यकांत 'हायपरटेन्शन' म्हणतात. यांतील 'टेन्शन' हा ताण रक्तवाहिनीच्या भिंतीवरचा आहे, मनावरचा नव्हे. परंतु मराठींत 'टेन्शन' या शब्दानें काळजी, चिंता असा अर्थ घेऊन केव्हांच घर केलें असल्यामुळें, 'हायपरटेन्शन' म्हणजे अति काळजी आणि 'बी. पी.' म्हणजे काळजीखोर माणसाचा रोग, असें समीकरण लोकांच्या मनांत पक्कें बसलें. राग वा भीति यांनीं रक्तदाब तात्पुरता चढतो हें खरें. पण म्हणून शांत स्वभावाच्या माणसास तो रोग होत नाहीं असें नाहीं. "मला कसलें टेन्शन? मग बी. पी. कुठून असणार?" असें हंसत सांगणाऱ्या गृहस्थाच्या दंडास पट्टा बांधल्यावर १८० चा आंकडा निघालेला पाहणें, ही डॉक्टरांच्या नित्याच्या अनुभवांतील गोष्ट आहे. वाढलेला रक्तदाब बहुधा कांहींएक लक्षण दाखवीत नाहीं. डोकें दुखत नाहीं, चक्कर येत नाहीं, आणि त्या मुदतींत मेंदू, हृदय, मूत्रपिंड आणि डोळ्यांतील पडदा यांवर आघात होत राहतो. आणखी एक शब्द याच पंक्तींतला. ज्या रक्तदाबाचें निश्चित कारण सांपडत नाहीं त्यास 'इसेन्शियल', म्हणजे अवश्य, असें विशेषण लावण्यांत आलें. कारण आकुंचित झालेल्या वाहिन्यांतून रक्त ढकलण्यास जास्त दाब हा अवश्यच आहे, तो उतरवूं नये, असें एके काळीं मोठमोठ्या वैद्यांसहि वाटे. अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट यांचा रक्तदाब १९४४ च्या मार्चांत १८६/१०८ भरला होता, आणि १२ एप्रिल १९४५ रोजीं मेंदूंतील रक्तस्रावानें ते कोसळले तेव्हां तो ३००/१९० होता. त्या काळीं जगांतील सर्वांत सामर्थ्यवान माणसाजवळहि त्यावर म्हणण्यासारखें औषध नव्हतें.

हा झाला 'बी. पी.' चा पहिला अर्थ. दुसरा अर्थ औषधाच्या पाकिटावर छापलेला असतो, आणि तो पहिल्याहून जुना आहे. समजा, आजोबांच्या रक्तदाबाच्या गोळ्या रात्रीं संपल्या. नातू कपाटांतील औषधांचा डबा उपसतो. त्यांत एका पाकिटावर औषधाच्या नांवापुढें स्पष्ट छापलेलें असतें, 'टॅब्लेट्स बी. पी.' इंग्रजी वाचतां येतें एवढ्या बळावर तो म्हणतो, "ही घ्या, ही बी. पी. चीच आहे." ती गोळी तापाची असूं शकेल, आम्लपित्ताची असूं शकेल, कदाचित् जंतांचीहि. कारण येथें 'बी. पी.' म्हणजे 'ब्रिटिश फार्माकोपिया', ब्रिटनचा औषधकोश. ही गोळी कोणत्या रोगावर द्यावयाची याच्याशीं त्या अक्षरांचा काडीचाहि संबंध नाहीं. ती त्या कोशांत घालून दिलेल्या कसोटीस उतरलेली असली पाहिजे, एवढेंच तीं सांगतात.

हा कोश ज्या कारणानें जन्मास आला तें कारण मोठें बोलकें आहे. लंडनच्या वैद्यसंस्थेनें आपला औषधकोश १६१८ सालीं काढला, एडिंबरोच्या संस्थेनें १६९९ सालीं, आणि डब्लिनच्या संस्थेनें १८०७ सालीं. तिन्ही कोशांत एकाच नांवाचें औषध निरनिराळ्या तीव्रतेचें असूं शके. एडिंबरोस शिकलेल्या डॉक्टरानें लिहिलेली चिठ्ठी लंडनच्या औषधविक्यानें आपल्या कोशाप्रमाणें बांधली, तर रोग्याच्या पोटांत जाणारें औषध डॉक्टरांच्या मनांतल्याहून सौम्य किंवा जालीम ठरावयाचें. आणि विषारी औषधांच्या बाबतींत हा फरक क्षुल्लक नव्हता. म्हणून १८५८ च्या वैद्यकीय कायद्यानें तिन्ही कोशांचा एक कोश करण्याचें ठरलें, आणि १८६४ सालीं पहिला 'ब्रिटिश फार्माकोपिया' बाहेर पडला. एका नांवाचा सर्वत्र एकच अर्थ व्हावा म्हणून जो ग्रंथ रचला गेला, त्याचेंच संक्षिप्त नांव पुढें दोन अर्थांच्या पेंचांत सांपडावें, हा योगायोग म्हणावयाचा.

इंग्रजी अमलाबरोबर हा कोश हिंदुस्थानांत आला; परंतु येथील वैद्य वापरीत त्या वनस्पतींस त्यांत स्थान थोडें. ती उणीव भरून काढण्यासाठीं १९०० सालीं हिंदुस्थान व वसाहती यांच्याकरितां एक पुरवणी निघाली. तींत अडुळसा, किराईत, गुळवेल, इसबगोल, कडुनिंब हीं कोंकणांत व देशावर घरोघरीं ठाऊक असलेलीं नांवें लॅटिन पोषाख घालून दाखल झालीं. आजीबाईच्या बटव्यांतील अडुळसा अशा रीतीनें काहीं काळ 'बी. पी.' च्या पुरवणींत जाऊन बसला होता, हें आजीबाईस कोणी कळविलें नसावें.

कोश आला तरी बाजार सुधारला नाहीं. पहिल्या महायुद्धानंतर भेसळीचीं व कमी सत्त्वाचीं औषधें हिंदुस्थानच्या बाजारांत उघड विकलीं जात, आणि त्यांना आळा घालणारा सर्व देशास लागू असा कायदा नव्हता. १९३० सालीं सरकारनें कर्नल राम नाथ चोप्रा यांच्या अध्यक्षतेखालीं चौकशी समिति नेमली. तिचा अहवाल १९३१ त आला, आणि त्यावरून पुढें १९४० चा औषधविषयक कायदा झाला. स्वतंत्र हिंदुस्थानचा स्वतःचा औषधकोश, 'इंडियन फार्माकोपिया', १९५५ सालीं प्रसिद्ध झाला. त्याचींच अक्षरें 'आय. पी.' हीं आज हिंदुस्थानांतील बहुतेक पाकिटांवर दिसतात, 'बी. पी.' व अमेरिकेच्या कोशाचीं 'यू. एस. पी.' हीं कांहीं औषधांवर अजून आढळतात. कसोटी म्हणजे काय, तें एका उदाहरणानें कळेल. पॅरासिटामॉलच्या ५०० मिलिग्रॅमच्या गोळ्यांत तें सत्त्व सांगितलेल्या मापाच्या शेंकडा ९५ ते १०५ या मर्यादेंत भरलें पाहिजे. शिवाय गोळी ठराविक वेळांत विरघळली पाहिजे. नाहींतर ती पोटांतून जशीच्या तशी प्रवास करून बाहेर पडेल. जखमेवर ठेवावयाच्या कापसाच्या गुंडाळीवरहि 'आय. पी.' छापलेलें असतें, कारण तो कापूस किती पाणी शोषतो याचीहि कसोटी कोशांत आहे. कापूस कोणी रक्तदाबावर घेत नाहीं. तेव्हां ज्याला शंका येईल त्यानें एकदां ती गुंडाळी पाहावी. आणि 'आय. पी.' म्हणजे तरी एकच अर्थ कोठें? रुग्णालयाच्या नोंदवहींत तो 'आंत दाखल झालेला रोगी' असतो.

ज्या कर्नल चोप्रांनीं दुसऱ्या 'बी. पी.' साठीं, म्हणजे औषधांच्या शुद्धतेसाठीं, एवढी खटपट केली, त्यांचा पहिल्या 'बी. पी.' शीं देखील संबंध आला. कलकत्त्याच्या उष्णकटिबंधीय वैद्यकाच्या विद्यालयांत ते औषधिविज्ञानाचे प्राध्यापक होते, आणि तेथें त्यांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं सर्पगंधेच्या मुळींतील सत्त्वाचा अभ्यास करून १९३३ सालीं तो प्रसिद्ध केला. उन्मादावर फार दिवसांपासून दिल्या जाणाऱ्या या मुळीनें रक्तदाबहि उतरतो, हें त्यापूर्वीं दोन वर्षें कलकत्त्याच्याच गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनीं लिहून ठेवलें होतें. परंतु हिंदुस्थानाबाहेर कोणी तें मनावर घेतलें नाहीं. मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तुम जाल वकील यांनीं आपल्या पन्नास रोग्यांवरील अनुभव आंकड्यांसह लिहून १९४९ सालीं लंडनच्या 'ब्रिटिश हार्ट जर्नल' मध्यें छापला, तेव्हां पाश्चात्य डॉक्टरांचे डोळे उघडले. १९५२ त स्वित्झर्लंडांतील बाझल येथें त्या मुळींतून रेसर्पिन हें सत्त्व वेगळें काढण्यांत आलें, आणि डॉ. वकील यांस १९५७ सालीं अमेरिकेचें लास्कर पारितोषिक मिळालें. मन अतिशय खिन्न होणें या दोषामुळें तें औषध आतां क्वचितच देतात. रूझवेल्ट वारले त्या वर्षींहि सर्पगंधेची मुळी कलकत्त्यास व मुंबईस विकत मिळत होती, हें मात्र सहज विसरतां येण्यासारखें नाहीं.

राहिलेले अर्थ थोडक्यांत सांगतां येतील. त्वचारोगतज्ज्ञ 'बी. पी.' म्हणतो तेव्हां 'बुलस पेम्फिगॉइड' हा म्हाताऱ्या माणसांच्या अंगावर पाण्यानें भरलेले मोठे फोड आणणारा विकार त्याच्या मनांत असतो. त्यावर स्टेरॉइड जातीचीं औषधें पोटांत द्यावीं लागलीं तर त्यांनीं रक्तदाब चढूं शकतो. म्हणजे एका 'बी. पी.' च्या उपचारानें दुसरी 'बी. पी.' ओढवते, आणि कागदपत्रांवर दोन्ही एकाच नांवानें नांदतात. इंग्रजी पद्धतीच्या रुग्णालयांत परिचारिका 'बेडपॅन' या अंथरुणावर द्यावयाच्या शौचपात्रासहि याच अक्षरांनीं संबोधितात. मनोविकारतज्ज्ञांपैकीं कांहीं जण 'बायपोलर', म्हणजे उन्माद व खिन्नता आळीपाळीनें येणारा विकार, असा अर्थ करतात. रसायनशास्त्रज्ञाला त्यांत द्रवाचा उत्कलनबिंदु दिसतो. पुराणवस्तुसंशोधकाची गोष्ट तर सर्वांहून निराळी, तो 'बी. पी.' म्हणजे 'वर्तमानापूर्वीं' असें वाचतो, आणि त्याचें वर्तमान १९५० सालींच थांबलेलें आहे.

या सर्वांत ज्याचा घरच्या माणसांस उपद्रव होतो ते अर्थ पहिले दोनच. ते ओळखण्याची खूण कठीण नाहीं. पाकिटावरचीं अक्षरें औषधाच्या नांवाच्या शेपटीस लागून येतात. पाकिटाच्या दर्शनी बाजूस कोणत्या रोगाचें औषध तें बहुधा छापलेलेंच नसतें. रक्तदाबाच्या ज्या गोळ्या आहेत त्यांवर देखील 'आय. पी.' हींच अक्षरें असूं शकतात. शिवाय रक्तदाबाची म्हणून ओळखली जाणारी गोळी सर्वांस सारखी मानवते असेंहि नाहीं. तींतील एका जातीच्या गोळ्यांनीं दम्याच्या रोग्याचा श्वास कोंडतो. दुसऱ्या एका जातीच्या गोळ्या गर्भवतीस दिल्यास पोटांतील मुलास अपाय होतो. दोन्ही गोळ्यांना शेजारीण "बी. पी. ची गोळी" असेंच म्हणते.

"मला बी. पी. आहे" असें म्हणून रोगी नव्या डॉक्टरांपुढें बसला कीं ते दंडास पट्टा बांधतां बांधतां विचारतात, "मागच्या खेपेस किती होता? आणि गोळी कोणती चालू आहे?" ज्याच्या खिशांत १५०/९६ असा आंकडा, त्याची तारीख आणि गोळीचें नांव लिहिलेला कागद असतो त्याचें काम पांच मिनिटांत आटोपतें. इतरांस घरीं फोन करून पाकीट शोधावयास सांगावें लागतें. आणि घरचें पोर तें पाकीट हातांत धरून मोठ्यानें जें वाचून दाखवितें, तीं पुष्कळदां नांवाच्या शेवटचीं दोन अक्षरेंच असतात.